मामाच्या गावाला न गेलेल्यांसाठी

[दृश्य: पहाट. धाब्याच्या घरांची गल्ली. ओट्यासमोर बाज, बाजेवर दोन मुलं गाढ झोपलेली.]

आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे झोके निंबावरून उतरले, शाळेला सुट्टी लागली, की जळगावकडच्या यावल-रावेर पट्ट्यातल्या गल्ल्या निम्म्या रिकाम्या होतात. पोरं मामाच्या गावाला जातात. पण सगळी जात नाहीत. कुणाला मामाच नसतो, कुणाचा मामा दोन घरं सोडून राहतो. कुणाची आई केळीच्या कामावर रोजंदारीनं जाते, पोराला पोचवायला गेली तर तिचा तो दिवस बुडतो. सालदाराची पोरं शेतातल्या खोलीवरच असतात. मागे राहिलेली ही दहा-पंधरा पोरं दुपारभर पंख्याखाली लोळतात, आणि वीज गेली की ओट्यावर येऊन बसतात.

त्यांच्यासाठी गल्लीतच एक खजिना लपवता येतो. खर्च थोडा असतो, खटपट बरीच. खजिना कुणी लपवला हे पोरांना कळू द्यायचं नाही. आईबापांना मात्र आदल्या दिवशीच सगळं सांगायचं: वेळ, हद्द, सोबत कोण. गंमत पोरांपुरती ठेवायची, मोठ्यांना अंधारात ठेवून असा खेळ करू नये.

[दृश्य: वहीचं पान. एकाखाली एक लिहिलेली मुलांची नावं.]

पहिलं काम यादीचं. घरोघर फिरून नावं लिहायची, आणि लिहून झाली की आजीबाईंना वाचून दाखवायची. राहिलेलं नाव त्याच सांगतात. बहुतेक वेळा राहतात ती शेतावरची पोरं. सातपुड्यातून कामाला आलेल्या पावरा आदिवासी कुटुंबांतली मुलं गल्लीत रोज दिसत नाहीत, म्हणून यादीतही येत नाहीत. त्यांना बोलवायला आदल्या संध्याकाळी स्वतः जायचं आणि सकाळी आणायला माणूस पाठवायचा. नुसता निरोप धाडला तर तो पोचत नाही, आणि पोचला तरी लाजेनं कुणी येत नाही.

समजा पंधरा मुलं झाली. पाच-पाच जणांच्या तीन टोळ्या करायच्या: लाल, पिवळी, निळी. प्रत्येक टोळीत एक तरी नीट वाचणारा, एक तरी सात वर्षांखालचा. सख्खी भावंडं वेगळी करायची की नाही, हे त्यांच्या आईला विचारावं. धाकटं मोठ्याला सोडत नसेल, तर ओढाताण करू नये.

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो. सकाळी साडेसहाला सुरू करून आठच्या आत संपवायचं. सहा ठिकाणं, दोन ठिकाणांमध्ये साठ ते ऐंशी पावलं, एका चिठ्ठीला पाच-सहा मिनिटं, म्हणजे पाऊण तासात खेळ होतो. दहा ठिकाणं ठेवण्याचा मोह होतो, पण सातव्या-आठव्या चिठ्ठीला धाकटी पोरं रडकुंडीला येतात. शिवाय नऊनंतर रस्त्यावर अनवाणी पाय ठरत नाही. ज्यांच्या पायात चप्पल नाही, त्यांच्यासाठी तर ही वेळ काटेकोर पाळायलाच हवी.

[दृश्य: पिठाची गिरणी, देवळाचा पार, गुरांचा हाळ, पाणपोई, दूध डेअरीचा ओटा, निंबाखालची बैलगाडी.]

ठिकाणं अशी निवडायची, की तिथं पोरं गेली तर कुणी हटकणार नाही. जागेच्या मालकाला आधी विचारलेलं असावं. काही जागा कायमच्या बाद करायच्या. कठडा नसलेली विहीर. विजेची डीपी. पऱ्हाट्यांचा ढीग, दगडांची रास, पडकी भिंत, कारण उन्हाळ्यात विंचू-साप सावलीला तिथंच असतात. पोरांना दगड उलटायची किंवा बिळात हात घालायची वेळ येईल अशी एकही जागा नको. चिठ्ठी त्यांच्या छातीच्या उंचीवर आणि डोळ्यांना दिसेल अशी टांगायची. शोधायला अवघड कोडं असावं, जागा नव्हे.

केळीची बागही नको. बागेत लपायला सावली छान असते हे खरं. पण पाच पोरं धावली की ठिबकच्या नळ्या पायाखाली येतात, जोडातून निसटतात, आणि मालकाला ते पाणी सोडल्यावर कळतं. पान फाटलं की चीक अंगावर येतो. कपड्यावरचा केळीचा चीक वाळून काळा-तपकिरी पडतो, तो मग धुऊन जात नाही. दोनच जोड कपडे असलेल्या पोरासाठी हे नुकसान मोठं आहे.

आता चिठ्ठ्या. या खेळाचा जीव चिठ्ठीत आहे, म्हणून इथं घाई करू नका.

चिठ्ठीचं उत्तर एकच निघालं पाहिजे. ‘गावातली जुनी जागा शोधा’ असं लिहिलं, तर पाच पोरं पाच दिशांना पळतात. त्याऐवजी लिहा: ‘दाणे खाते, पीठ सांडते, कापडाची सोंड हलवते.’ गिरणीच्या तोंडाला बांधलेली कापडी बाही ज्यानं पाहिली आहे, तो तिथंच धावतो. आपल्याकडे आन्हे घालायची, म्हणजे कोडी घालायची रीत जुनी आहे, आणि अहिराणीत ती जास्त खुलतात. ‘पानी मन्हा पोटमा, तांब्या मन्हा डोकावर’ म्हटलं की माठ. पण माठ घरोघर असतो, पोरं प्रत्येक स्वयंपाकघरात शिरतील. म्हणून पुढे जोडायचं, ‘रस्तावर बठेल शे’, म्हणजे रस्त्यावर बसलाय, की पाणपोई नक्की होते. पुस्तकी मराठीत अडखळणारं पोर अहिराणीची चिठ्ठी हातात आली की टोळीत पुढं होतं. प्रत्येक टोळीच्या वाट्याला अशा दोन तरी याव्यात.

ज्यांना अजून वाचता येत नाही किंवा मराठी कळत नाही, त्यांच्यासाठी प्रत्येक टोळीत दोन चित्रचिठ्ठ्या. हाळाचं चित्र, त्यात तोंड घातलेली म्हैस, बस. आणि नियम असा, की चित्रचिठ्ठी सर्वांत लहान मुलाच्याच हातात द्यायची.

[दृश्य, अगदी जवळून: पांढरा कागद. मेणबत्तीचं टोक कागदावर फिरतंय. काहीच उमटलेलं दिसत नाही. मग हळदीच्या पाण्यात बुडवलेला कापसाचा बोळा.]

एक चिठ्ठी कोरी दिसणारी करायची. जाड पांढरा कागद घ्या, गुळगुळीत नको. पांढऱ्या मेणबत्तीच्या टोकानं दाबून अक्षरं काढा, प्रत्येक अक्षर दोन बोटं उंच. अर्धी वाटी पाण्यात चमचाभर हळद कालवा. ठिकाणावर ही वाटी आणि कापसाचा बोळा ठेवलेला असतो, सोबत फक्त एक शब्द: ‘पुसा.’ बोळा फिरला की कागद पिवळा होतो आणि मेणाच्या जागी पाणी धरत नाही, अक्षरं पांढरी उठून येतात. इथं चूक होते ती हात हलका ठेवल्यानं. मेण कमी लागलं की हळद सगळीकडे सारखी बसते आणि काहीच वाचता येत नाही. एक कागद आधी घरी करून पाहा. लिंबाच्या रसानं लिहून कागद दिव्यावर धरण्याची युक्ती सगळ्यांना आठवते, पण त्याला उष्णता लागते. पोरांच्या हातात कागद आणि जाळ एकत्र द्यायचा नाही.

बाकीच्या चिठ्ठ्या वहीच्या अर्ध्या पानावर, बॉलपेननं. जेल पेन आणि स्केचपेनची शाई घामेजल्या हातानंही पसरते. चिकटपट्टीवर भरवसा ठेवू नका. पांढऱ्या मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीवरून ती पोपड्यासकट सुटते. सुतळीनं बांधा. आणि शेळीच्या तोंडाला येईल अशा उंचीवर बांधू नका, शेळी कागद सोडत नाही. चिठ्ठी प्लास्टिकच्या लहान पिशवीत घातली तर तीही खाल्ली जाते, आणि ते शेळीच्या जिवावर बेततं. जिथं शेळ्या मोकळ्या फिरतात, तिथं चिठ्ठी झाकणाच्या डब्यात ठेवावी.

तिन्ही टोळ्या एकाच क्रमानं सोडल्या, तर मागच्या दोन पहिलीच्या मागे नुसत्या पळतात, कोडं कुणी वाचत नाही. म्हणून क्रम फिरवायचा. लाल टोळी पहिल्या ठिकाणापासून सुरू करते, पिवळी तिसऱ्यापासून, निळी पाचव्यापासून, आणि सहावं झालं की पुन्हा पहिल्यावर. प्रत्येक ठिकाणी तीन चिठ्ठ्या, तीन रंगांच्या दोऱ्यात, एकमेकींपासून चार-पाच पावलं लांब. एकाच खिळ्याला तिन्ही लावल्या, की पहिलं येणारं पोर तिन्ही घेऊन जातं. सुरुवातीच्या तीन धरून एकूण एकवीस चिठ्ठ्या होतात. त्या तक्त्यावर मांडून तपासा: कोणत्या रंगाची चिठ्ठी कुठं टांगायची आणि ती कुठं पाठवते. एक अदलाबदल झाली, की टोळी दोन ठिकाणांमध्ये गोल फिरत राहते. लपवताना एकानं बांधायचं, दुसऱ्यानं तक्त्यावर खूण करायची. चिठ्ठ्या आदल्या रात्री बांधायच्या नाहीत. वारा, कुत्री आणि पहाटे उठणारी पोरं तिन्ही आड येतात. पाच ते सहा, एवढा तास पुरतो.

[दृश्य: फाडलेल्या नकाशाचे तीन तुकडे, तीन वेगवेगळ्या लहान हातांत.]

प्रत्येक टोळीच्या सहाव्या, म्हणजे शेवटच्या ठिकाणच्या चिठ्ठीत कोडं नसतं, नकाशाचा तुकडा असतो. ही रचना आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मोठ्या कागदावर नकाशा काढून तो असा फाडायचा, की एका तुकड्यावर निघायची जागा, दुसऱ्यावर पावलं आणि दिशा, तिसऱ्यावर खजिन्याची खूण. दोन तुकड्यांवर अंदाज बांधता आला, तर फाडणं चुकलं. पहिली आलेली टोळी काहीच करू शकत नाही, ती मागच्यांना शोधायला परत जाते. तिथून पुढे शर्यत संपते, आणि पंधरा पोरं एकाच नकाशाभोवती उकिडवी बसतात.

प्रत्येक टोळीमागे एक मोठं माणूस चालतं, दहा पावलं अंतर ठेवून. त्याच्या खिशात सगळ्या चिठ्ठ्यांची दुसरी प्रत असते. पाच मिनिटं कोडं सुटलं नाही तर तो उत्तर सांगत नाही, प्रश्न विचारतो: ‘सोंड कुणाकुणाला असते?’ आणखी दोन मिनिटांनी बोट दाखवायला हरकत नाही. तिसऱ्या ठिकाणी पाणी, म्हणजे प्रत्येक टोळीला वाटेत ते लागतंच. वीस लिटरचा एक जार, त्याशिवाय शेवटी लिंबाचं सरबत.

खजिन्याची पेटी म्हणून पत्र्याची जुनी ट्रंक मागून आणावी. आत पंधरा सारख्या पुड्या आणि दोन जादा. पुडीत भोवरा आणि तो फिरवायची दोरी, म्हणजे जाळी, चार गोट्या, एक पेन्सिल, शेंगदाण्याची चिक्की. तीस रुपयांत पुडी बसवली, तर सतरा पुड्यांचे पाचशे दहा रुपये होतात. चॉकलेट टाळा, पत्र्याच्या पेटीत त्याचा सकाळीच चिखल होतो. चिक्की कागदात गुंडाळून वर घट्ट झाकणाचा डबा हवा, नाहीतर पोरांआधी मुंग्या पोचतात. एखादी पुडी मोठी, एखादी भारी, असं चुकूनही करू नका. पोरं पुड्या उघडायच्या आधी शेजारच्याची पाहतात.

बोलावण्याची चिठ्ठी मात्र या एकविसांत धरायची नाही. ती टोळीची नसते, ज्याची त्याची असते. हातानं लिहिलेलं नाव, खाली तीन शब्द, ‘साडेसहाच्या आत, पारावर’, आणि कोपऱ्यात टोळीच्या रंगाचा ठिपका. ती उशाखाली, दप्तरात किंवा चपलेत आदल्या रात्री आई ठेवते. म्हणून मोठ्यांना आधी सांगायचं.

कुणी केलं, हे पोरं विचारतातच. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत शिकवत होते आणि तिथल्या छात्रालयाचं काम पाहत होते. मुलं शाळेत गेली की ते त्यांची अंथरुणं आवरून ठेवत, मळके कपडे धुऊन टाकत. मुलं परतायची तेव्हा काम झालेलं असायचं. खान्देशाला ही रीत नवी नाही. पोरांनी विचारलं तर सोबत चालणाऱ्यांनी एवढंच म्हणायचं, की चिठ्ठी आम्हालाही सापडली.

[दृश्य: आठ वाजले आहेत. पारावर भोवऱ्यांचा आवाज. मागे एक बाई निंबाच्या फांदीवरून सुतळी सोडतेय.]

जादा दोन पुड्या लगेच कुणाला द्यायच्या नाहीत. उशिरा उठलेलं, किंवा आईबरोबर कामावर गेलेलं एखादं पोर दुपारी येतंच. त्याच्यासाठी एक चिठ्ठीही राखून ठेवा, म्हणजे पुडी त्याला नुसती मिळणार नाही, सापडेल.

सुतळ्या सोडायच्या, हळदीची वाटी धुवायची, चिठ्ठ्या गोळा करून मोजायच्या. एकवीस भरल्या की ट्रंक ज्या घरातून आणली, त्या घरी परत.