गुरुजी आहेत ना!

(गावोगावच्या वाचनालयांच्या पदाधिकाऱ्यांसाठी तालुक्याच्या गावी झालेल्या शिबिरातील व्याख्यानाचे शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'ग्रामीण संस्थांचे विश्वस्त : कर्तव्ये आणि जबाबदाऱ्या'. वेळ पंचेचाळीस मिनिटं. कर्तव्यांकडं मी येणार आहे, पण त्याआधी एक प्रश्न विचारतो. आपल्या संस्थेचं शेड्यूल-वन, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदवहीचा उतारा, ज्यावर विश्वस्तांची नावं असतात, तो गेल्या वर्षभरात स्वतःच्या डोळ्यांनी कुणी पाहिलाय? हात वर करा. एक... दोन... ते पलीकडचे दादा, तुम्ही पण? चार. शंभर-सव्वाशे माणसं आहेत इथं. मीही २००९ पर्यंत तुमच्यासारखाच हात खाली ठेवून बसणाऱ्यांत होतो. ती गोष्ट आधी सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं तिच्यातच आहे.

आमचं गाव माणदेशातलं. पाऊस कमी, माणसं चिवट. १९७८ साली गावातल्या सात जणांनी वाचनालय काढलं. सातच का? तर संस्था नोंदणीचा कायदा १८६० चा, आणि त्याला किमान सात माणसं लागतात. त्यातले एक आमच्या शाळेचे गुरुजी. ते सचिव झाले आणि पुढची एकतीस वर्षं तेच सचिव राहिले. चावडीशेजारच्या एका खोलीत वाचनालय सुरू झालं. पेपर आला की म्हातारी माणसं पायरीवर बसायची आणि एक जण मोठ्यानं वाचायचा. मी तिथंच वाचायला शिकलो असं म्हटलं तरी चालेल. शाळेत अक्षरं शिकलो, वाचायला तिथं.

गुरुजींची एक खाकी पिशवी होती. त्यांच्या घरी ओसरीवर खुंटीला टांगलेली असायची. तिच्यात प्रोसिडिंग बुक म्हणजे सभांच्या ठरावांची वही, पावतीपुस्तकं, कीर्द म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, चेकबुक, संस्थेचा गोल शिक्का आणि जांभळ्या शाईचा पॅड. संस्था त्या पिशवीत होती. वर्षातून एकदा सभा व्हायची. गुरुजी पिशवी उघडायचे, ठराव वाचायचे, आम्ही 'मंजूर, मंजूर' म्हणायचो, सही करायचो, चहा प्यायचो आणि घरी जायचो. हिशोबाला चष्मा लावणारा आमच्यात एकही नव्हता. कुणी नवखा काही विचारू लागला की बाकीचे म्हणायचे, "अरे, गुरुजी आहेत ना!"

हे वाक्य नीट ऐका. तुमच्या गावात गुरुजींच्या जागी आणखी कुणी असेल, अण्णा असतील, डॉक्टर असतील, बाई असतील. वाक्य तेच. त्यात आदर आहे, प्रेम आहे, आणि तरी आपल्या संस्था ज्या दुखण्यानं जातात ते दुखणंही त्यातच आहे.

२००९ च्या श्रावणात गुरुजी गेले. तेरावा झाल्यावर आम्ही चौघे त्यांच्या घरी गेलो. काकींनी पिशवी खुंटीवरून काढून देवघराजवळ ठेवली होती. त्या दिवसापर्यंत कुणाला तिला हात लावू दिला नव्हता. माझ्या हातात देताना एवढंच म्हणाल्या, "सगळं आहे बघा यात. त्यांनी पै-पैचं लिहिलंय." आणि खरंच लिहिलं होतं. पोस्टाच्या तिकिटापर्यंत. गुरुजींच्या सचोटीबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही.

दुसऱ्या दिवशी बँकेत गेलो. खात्यावर तिघांपैकी दोघांच्या सह्या चालायच्या : अध्यक्ष, सचिव, खजिनदार. अध्यक्ष २००५ मध्येच वारलेले. गुरुजी आता गेले. खजिनदार पोराकडं मुंबईला. दोन सह्या होईनात. आम्ही रीतसर सभा घेतली, नवे पदाधिकारी निवडले, ठरावाची नक्कल शिक्क्यासह बँकेत नेली. मॅनेजर साहेबांनी ती शांतपणे वाचली आणि विचारलं, "ठराव बरोबर आहे. पण ठराव करणारे तुम्ही, तुमची नावं शेड्यूल-वनवर आहेत का?"

उतारा काढला. माझ्या हातात तो कागद आला तो क्षण मी विसरणार नाही. त्यावर १९७८ ची सात नावं होती. पाच मयत. एक मुंबईला. सातवे गाव सोडून पुण्याला गेलेले, अंथरुणाला खिळलेले. १९८३ पासून २००८ पर्यंत आमच्या सहा निवडणुका झाल्या होत्या आणि एकीचीही नोंद त्या कागदावर नव्हती. मी तेरा वर्षं विश्वस्त म्हणून मिरवलो होतो. पंधरा ऑगस्टला झेंड्याजवळ उभा राहिलो होतो. कायद्याच्या लेखी मी त्या वाचनालयाचा फक्त वाचक होतो. कागदावर आमची संस्था गेलेली माणसं चालवत होती.

सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० चा आहे. त्याच्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. उशीर झाला तर उशीर माफ करावा म्हणून वेगळी विनंती. आणि सहा निवडणुकांचे सहा अर्ज, एकामागून एक, कारण मधली कडी तुटली की पुढची धरत नाही. प्रत्येकाला सभेची नोटीस, प्रोसिडिंगची नक्कल, नव्यांची संमती, जुन्यांचं म्हणणं, मयतांचे मृत्यूचे दाखले.

मग आमची पायपीट सुरू झाली. मृत्यूचे दाखले गोळा करत एस.टी.नं हिंडलो. एका मयत विश्वस्ताच्या मुलाला गाठायला रानात गेलो. शाळूची काढणी चालली होती. कागद कशाचा आहे हे त्याला सांगितलं. त्यानं विळा खाली ठेवला, हात धोतराला पुसले आणि म्हणाला, "आबा वाचनालयात होते व्हय? आम्हाला कुणी सांगितलंच नाही." बापानं उभी केलेली संस्था मुलाला माहीत नव्हती. आम्ही कधी सांगितलीच नव्हती.

१९८८ च्या सभेची नोटीस काही मिळेना. ती नसेल तर सगळं अडणार. शेवटी काकींनी माळ्यावरची ट्रंक काढायला लावली. तिच्यात सुतळीनं बांधलेले व्हाउचर होते, आणि नोटिशीच्या मागच्या बाजूला टाचणीनं एक चिठोरी लावलेली : 'सभेची दवंडी दिली, रुपये ५ पोहोचले', खाली दवंडीवाल्याचा अंगठा. टाचणीचा गंज कागदात उतरला होता. बावीस वर्षांनी त्या अंगठ्यानं आमचं वाचनालय वाचवलं. म्हणून मी दप्तराबद्दल बोलतो तेव्हा लोकांना वाटतं ह्याला कागदांचं वेड आहे. आहेच. हे वेड तुम्हालाही लागावं असं मला मनापासून वाटतं.

या सगळ्याला अडीच वर्षं लागली. आणि आता जे सांगतो ते मला सर्वांत जास्त लागलेलं आहे. अनुदान खात्यावर येऊन पडलं होतं, काढता येत नव्हतं. आमच्या ग्रंथपाल ताईंचा पगार त्यातूनच व्हायचा. पगार म्हणावा अशी रक्कमही नव्हे ती. तर नऊ महिने त्यांना एक रुपया मिळाला नाही, आणि आमच्यापैकी एकाच्याही ते डोक्यात आलं नाही! आम्ही दाखल्यांच्या मागं, ठरावांच्या मागं. वाचनालय रोज दुपारी चारला उघडत होतं, पेपर टेबलावर होते, म्हणून आम्ही निवांत. एक दिवस पेपर टाकणारा पोरगा रस्त्यात भेटला आणि सहज म्हणाला, "ताईंनी या महिन्याचं पण बिल दिलं, शेळी विकली म्हणाल्या." मी तिथंच सायकल स्टँडवर लावली आणि उभा राहिलो. त्या बाईंनी स्वतःची शेळी विकून गावाला पेपर वाचायला दिला होता. त्याच संध्याकाळी आम्ही सगळे बसलो, घरटी वर्गणी काढली आणि त्यांचे पैसे चुकते केले. पण नऊ महिने ते नऊ महिनेच.

म्हणून मला 'मानद' या शब्दाबद्दल बोलायचंय. आपण मानद आहोत, म्हणजे पगार घेत नाही. ठीक. पण पगार न घेणारा माणूस हळूहळू असं समजू लागतो की आपण आलो हेच उपकार. फुकट काम करतोय, वर आणखी हिशोब काय वाचायचा? तर मंडळी, विश्वस्त म्हणजे ज्याच्यावर विश्वास टाकला तो. वाचनालय आपलं नाही, ते गावाचं आहे आणि आपल्याकडं सांभाळायला दिलंय. दुसऱ्याची ठेव फुकट सांभाळतो म्हणून ती कमी काळजीनं सांभाळायची का?

इथं कर्मवीर अण्णांची आठवण निघते. आपण सगळे लक्ष्मीबाईंच्या मंगळसूत्राची गोष्ट सांगतो. वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी त्या माउलीनं सौभाग्यलेणं मोडलं. सांगायलाच हवी ती गोष्ट. पण १९१९ साली कराडजवळच्या काले गावात सुरू झालेली रयत शिक्षण संस्था १९३५ साली रीतसर नोंदली गेली, घटना झाली, मंडळ झालं, हे आपण कधी सांगत नाही. अण्णा १९५९ मध्ये गेले. संस्था आज आहे. त्यागावर ती उभी राहिली, आणि अण्णांच्या मागं टिकली ती पुढच्या माणसांच्या हाती नीट सोपवलेली होती म्हणून. रत्नागिरीचं वाचनालय १८२८ चं आहे. किती पिढ्यांच्या हातून गेलं असेल ते!

आमचं खातं मोकळं झाल्यावर पहिल्याच सभेत मी एक ठराव मांडला. पिशवी फिरती ठेवायची. सात विश्वस्त, दर महिन्याला पिशवी एकाच्या घरी. चेकबुक आणि शिक्का कपाटात कुलपात, पण प्रोसिडिंग, कीर्द, पावतीपुस्तकं पिशवीत आणि पिशवी फिरती. महिन्याअखेर ज्याच्या घरी पिशवी त्याच्याच ओसरीवर बैठक, आणि त्यानंच सगळं मोठ्यानं वाचायचं. पहिल्यांदा विरोध झाला. "हरवलं तर?" एका घरात हरवायची भीती होती तेव्हा कुणी विचारलं नव्हतं!

यानं काय झालं सांगतो. एका सदस्याच्या घरी पिशवी होती. त्यांची अकरावीतली मुलगी प्रोसिडिंग चाळत बसली होती. बैठकीत चहा घेऊन आली आणि म्हणाली, "काका, ठराव चौदानंतर एकदम सोळा आहे. पंधरा कुठंय?" सगळे एकमेकांकडं बघायला लागले. ठराव पंधरा होता कपाट खरेदीचा. बोललो होतो, कपाट आणलंही होतं, लिहायचं राहिलं होतं. त्याच बैठकीत चूक मान्य करून नव्यानं ठराव लिहिला. मला इतका आनंद फार कमी वेळा झालाय. गुरुजींच्या एकतीस वर्षांत असा प्रश्न कुणी विचारला नाही, आणि त्यात गुरुजींचा काही दोष नव्हता. आम्ही पिशवी उघडून कुणाला दाखवलीच नव्हती. त्या मुलीची आई आता आमच्या मंडळावर आहे. आधी त्या म्हणायच्या, "मला काय कळतंय त्यातलं?" पिशवी घरात एक महिना राहिली आणि कळायला लागलं.

...चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं. आणि पत्रिकेवरचा विषय अजून तसाच आहे. बरं, लिहून घ्या, भरभर सांगतो.

हिशोब ३१ मार्चला मिटतो. तिथून सहा महिन्यांत लेखापरीक्षण करून घ्यायचं. सप्टेंबर संपायच्या आत, अगदी शेवटच्या आठवड्याची वाट बघू नका, सगळ्या संस्था तेव्हाच जातात. अहवाल आला की वार्षिक सभेत वाचायचा, बांधून ठेवायचा नाही. आणि जमाखर्च संस्थेच्या दारावर चिकटवा. देणगी देणाऱ्या माणसाला आपले शंभर रुपये कुठं गेले ते दिसलं पाहिजे.

सभासदांची यादी. वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली की १८६० च्या कायद्यानुसार मताचा अधिकार राहत नाही. निवडणुकीच्या आदल्या रात्री सगळ्यांची वर्गणी एकदम भरली जाते तिथं भांडण नक्की समजा. दरमहा वसूल करा, पावती द्या.

जमीन, इमारत. कुणी दानात दिली असेल तर आधी सातबारावर किंवा मिळकत पत्रिकेवर संस्थेचं नाव लावा. विकायची, गहाण टाकायची, तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी. भाड्यानं द्यायची तरी शेतजमीन दहा वर्षांहून जास्त, बाकी मिळकत तीन वर्षांहून जास्त मुदतीनं परवानगीशिवाय देता येत नाही. कलम ३६. गाळे काढून नातेवाइकांना देणं तर विचारातही आणू नका.

माणसं. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली आपल्याला मान्यता मिळते, अ-ब-क-ड दर्जा मिळतो, अनुदान हप्त्यानं येतं. हप्ता मागंपुढं होणारच. म्हणून ग्रंथपालाचा तीन महिन्यांचा पगार नेहमी बाजूला ठेवा. वाटेल तर पुस्तकं पुढच्या वर्षी घ्या. पगार आधी.

आणि मंडळावर एक तरी माणूस तिशीच्या आतला हवा, दोन बायका तरी हव्यात. सहीपुरत्या नकोत, पिशवी त्यांच्याही घरी गेली पाहिजे.

दुसरी चिठ्ठी आली. थांबतो. मागच्या टेबलावर बदल अर्जाच्या नमुन्याच्या, अनुसूची तीनच्या, झेरॉक्स ठेवल्यात. शेड्यूल-वनचा उतारा मागायचा साधा अर्जही आहे. आमच्या ग्रंथपाल ताई मुद्दाम माझ्याबरोबर आल्यात, त्या तिथं बसल्यात. संस्थेचं नाव आणि नोंदणी क्रमांक त्यांच्या वहीत लिहा. क्रमांक पाठ नसेल तर आत्ता घरी फोन लावा आणि पिशवी कुणाकडं आहे ते विचारा.