गाडी कोणाच्या कामाला निघाली होती?

श्रोतेहो, नमस्कार.

अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडी बघायला येतो, तेव्हा मालक घाईघाईने नुकसान दाखवू लागतो. बंपर तुटलाय, दिवा फुटलाय, दार आत गेलंय. सर्व्हेअर सगळं लिहून घेतो, फोटो काढतो आणि मग सहज विचारावं तसं विचारतो, "गाडी कुठे निघाली होती?" दाव्यांच्या कामात बरीच वर्षं काढल्यावर मी सांगतो, पूर्ण दाव्याचं भवितव्य पुष्कळदा या एका उत्तरावर ठरतं.

पंपदुरुस्ती करणाऱ्या एका गृहस्थांचं प्रकरण माझ्यासमोर आलं होतं. मोटार त्यांच्या स्वतःच्या नावावर, विमा खासगी वापराचा, हप्ता एकदाही चुकलेला नाही. वळणावर एका दुचाकीला धक्का लागला, दोन्ही गाड्यांचं नुकसान झालं. "गाडी घरचीच आहे हो," असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते, आणि ते खोटं नव्हतं. पण फोटोत डिकी उघडी होती. मागचं आसन काढून तिथे फळ्यांचे कप्पे ठोकलेले. पान्यांची पेटी, वायरींची वेटोळी, एक अर्धी उघडलेली मोटर. मागच्या काचेवर त्यांच्या कामाची पाटी आणि फोन नंबर. बिलबुकात त्या दिवसाची तीन गिऱ्हाइकं. विमा खासगी वापराचा आणि गाडी निघाली होती धंद्याच्या कामाला, म्हणून त्यांच्या गाडीच्या दुरुस्तीचा दावा नामंजूर झाला. इतकी वर्षं हप्ते भरणारा, कष्टाळू, सरळ माणूस. पॉलिसी घेताना त्याला कोणी हा प्रश्न विचारलाच नव्हता, याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हा आपल्या व्यवसायाला व्यावसायिक वाहनविमा लागतो का, हे ठरवायला बसाल तेव्हा गाडी कोणाच्या नावावर आहे, हा विचार थोडा बाजूला ठेवा. आधी बघा, तिचं चाक कोणाच्या कामासाठी फिरतंय.

आपली पॉलिसी काढा. तीत "वापराच्या मर्यादा" अशा अर्थाचं एक कलम असतं. खासगी मोटारीच्या पॉलिसीत तिथे साधारणपणे लिहिलेलं असतं की भाडं घेऊन माणसं नेणं किंवा व्यापारी माल वाहणं यात धरलेलं नाही. काही पॉलिसी नमुने आणि स्वतःचं सामान नेऊ देतात, काही तेही नाही. घरून एका ठरलेल्या कामाच्या जागी जाणं-येणं पुष्कळ ठिकाणी खासगी वापरातच मोडतं. पण एका गिऱ्हाइकाकडून दुसऱ्याकडे, तिथून सामान आणायला, तिथून तिसऱ्या साइटवर, अशी फिरती सुरू झाली की तो व्यवसायाचा वापर झाला. दोन्हींमधली रेघ प्रत्येक कंपनीची वेगळी असू शकते, म्हणून शेजाऱ्याची पॉलिसी ऐकून आपलं ठरवू नका.

आता ज्या गोष्टीकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं, ती सांगतो. व्यवसायाच्या मालकीची एकही गाडी नाही, म्हणून मालक निर्धास्त असतात. पण हाताखालच्या मुलाला आपण म्हणतो, "जरा बँकेत चेक टाकून ये." तो स्वतःच्या दुचाकीवर निघतो आणि वाटेत कोणाला तरी ठोकरतो. जखमी माणूस त्या मुलाकडे तर भरपाई मागेलच, पण तुमच्याकडेही मागू शकतो, कारण तो मुलगा निघाला होता तुमच्या कामाला. हा विचार मोटारींच्याही आधीचा आहे. १८३४ साली इंग्लंडमध्ये एका घोडागाडीने रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला पाडलं आणि त्याचा पाय मोडला. गाडी हाकत होता नोकर, खटला झाला मालकावर. न्यायमूर्ती पार्क यांनी ज्यूरीला समजावलेला भेद आजही कायद्याचे विद्यार्थी शिकतात: नोकर मालकाच्या कामावर असताना थोडी वाट वाकडी करून गेला, तरी मालक जबाबदार, पण मालकाचं काम सोडून पूर्णपणे स्वतःच्या मौजेला निघाला असेल, तर नाही. ज्यूरीने मालकाला जबाबदार धरलं.

अशा वेळेसाठी वेगळं संरक्षण मिळतं. आपल्या मालकीच्या नसलेल्या, पण आपल्या कामासाठी वापरलेल्या गाड्यांचं, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या आणि भाड्याने आणलेल्या वाहनांचं. हे संरक्षण बहुधा आपल्यावर येणाऱ्या जबाबदारीपुरतं असतं. त्या मुलाच्या दुचाकीची दुरुस्ती त्यातून होत नाही, हे त्यालाही आधीच सांगून ठेवा. आणि व्यवसाय एकट्याच्या नावावर असेल, कंपनी म्हणून वेगळी नोंदणी नसेल, तर भरपाईची रक्कम तुमच्या घराच्या बचतीपर्यंत येऊन पोचते. म्हणून छोट्या व्यावसायिकाबद्दल मला मोठ्यापेक्षा जास्त काळजी वाटते.

व्यावसायिक विम्याचा हप्ता बहुतेक वेळा जास्त असतो, त्याला कारणं आहेत. गाडी जास्त किलोमीटर पळते, गर्दीच्या वेळी पळते, तिच्यावर वेगवेगळे चालक बसतात, भरपाईची मर्यादाही मोठी ठेवावी लागते. ते पैसे वाचवण्यासाठी अर्जात "खासगी" या चौकटीत खूण करणारे मी पाहिलेत. विमा उभा असतो तो सांगितलेल्या माहितीवर. १७६६ साली इंग्लंडचे न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी सुमात्रा बेटावरच्या एका किल्ल्याच्या विम्याच्या खटल्यात हेच मांडलं: धोक्याची खरी माहिती बहुतांशी विमा घेणाऱ्यापाशी असते, विमा देणारा त्याच्या शब्दावर विसंबतो, म्हणून दोघांनीही काही दडवायचं नाही. पुढे कायदे विमेदाराच्या बाजूने थोडे मवाळ झाले. ब्रिटनने २०१५ च्या कायद्यात व्यावसायिक विमेदाराकडून धोक्याचं प्रामाणिक चित्र मांडण्याची अपेक्षा ठेवली आणि मुद्दाम न केलेल्या चुकीला सौम्य उपाय दिले. पण जाणूनबुजून चुकीच्या चौकटीत केलेली खूण अजूनही अख्खी पॉलिसी बुडवू शकते. काही देशांत जखमी त्रयस्थाला कंपनी आधी पैसे देते आणि मग ते गाडीमालकाकडून वसूल करते. तेव्हा वाचवलेल्या हप्त्याची आठवण काढायलाही नको वाटतं.

सगळ्यांनाच हा विमा लागतो, असं मात्र मी म्हणणार नाही. घरात बसून काम करणारी अनुवादिका महिन्यातून एकदा कागदपत्रं द्यायला जाते. तिला पूर्ण व्यावसायिक पॉलिसी घ्यायला लावणं मला पटत नाही. खासगी पॉलिसीवरच व्यवसायाच्या वापराची पुरवणी जोडून मिळते का, हे तिने आधी विचारावं. उलट जो रोज पार्सल पोचवतो, प्रवासी नेतो, कामगारांना साइटवर सोडतो, गाडीवर कायमची यंत्रं बसवतो किंवा एकच गाडी तीन कर्मचाऱ्यांच्या हाती देतो, त्याने पुरवणीवर भागवू नये. आणि एक गोष्ट दोघांनीही लक्षात घ्यावी: गाडीचा विमा आतल्या मालाचा आणि हत्यारांचा नसतो. ती पान्यांची पेटी चोरीला गेली, तर तिचा विमा निराळा.

माझी एक साधी रीत आहे. गाडीत एक वही ठेवा आणि सात दिवस प्रत्येक फेरी लिहा: कोण चालवत होतं, कशासाठी, गाडीत काय होतं, पैसे कोणी दिले. पंपवाल्या गृहस्थांनी पुढे तसंच केलं. सात दिवसांत त्यांच्या एकवीस फेऱ्या झाल्या, त्यांतल्या घरच्या फक्त चार. ते पान त्यांनी पत्रासोबत कंपनीला पाठवलं आणि विचारलं, "यातल्या कोणत्या फेरीला माझी पॉलिसी लागू नाही?" उत्तर लेखी मागितलं. ते आलं, तेव्हा पॉलिसीचा प्रकार बदलला, भाच्याचं नाव दुसरा चालक म्हणून चढलं आणि हत्यारांसाठी वेगळी पॉलिसी निघाली. कंपनीचं ते पत्र ते आता नोंदणीच्या कागदांबरोबर ठेवतात, आणि गाडीचं किंवा कामाचं काही बदललं की नूतनीकरणाची वाट न पाहता कळवतात.

नमस्कार.