जहाजावरचा पंचविसावा तास

क्वीन मेरी 2 हे एक अजस्र जहाज, लांबी 345 मीटर, 2004 च्या जानेवारीत पहिल्या सफरीला निघालं आणि खास महासागर ओलांडायला बांधलेल्या लाइनर जातीचं आज चालू असलेलं हे एकच जहाज उरलंय. सुमारे 2,700 प्रवासी अन् त्यांची उठबस करायला बाराशेच्या वर कर्मचारी. अशी जहाजं जानेवारीत निघतात, पृथ्वीला फेरी मारतात आणि तीन-चार महिन्यांनी परत येतात. जहाजाने जगाची फेरी मारायची ही पद्धत तशी जुनी आहे, 1922 साली लॅकोनिया नावाचं जहाज प्रवासी घेऊन न्यूयॉर्कहून निघालं तिथून ती सुरू झाली असं मानतात.

आपल्या खान्देशाला समुद्र नाही, पण खान्देशातली पोरं आहेत या जहाजांवर. यावलकडचा एक जण अशाच एका जहाजावर वर्ल्ड क्रूझला केबिन स्टुअर्ड आहे. सकाळी केबिनी आवरायच्या, चादरी-टॉवेल बदलायचे, संध्याकाळी प्रवासी जेवायला गेले की परत जाऊन पलंग लावायचा आणि उद्याच्या कार्यक्रमाचा कागद ठेवायचा. दुपारी कॅप्टन स्पीकरवरून सांगतो जहाज कुठे आहे, किती अंतर कापलं, वारा कसा आहे. प्रवासी बरेचसे निवृत्त, कोणी नाच शिकतं, कोणी व्याख्यानाला बसतं, कोणी नुसतं डेकवर फेऱ्या मारतं, आणि महिनोनमहिने तीच माणसं असल्यामुळे आजीबाई पोराला नावाने हाक मारतात, तुझ्या आईची तब्येत कशी आहे विचारतात. हे मला फार आवडलं.

पण आज बोलायचंय ते घड्याळाबद्दल, कारण या पोराच्या घरचं सगळं गणित त्याच्यावर चाललंय.

जहाज ताशी 20 नॉट, म्हणजे साधारण 37 किलोमीटर वेगाने गेलं तर दिवसात 890 किलोमीटर होतात, भुसावळहून मुंबईला जाऊन परत आल्यासारखं. पृथ्वीवर दर 15 रेखांशाला एक तास बदलतो, त्यामुळे पश्चिमेकडे जाताना दर दोन-तीन दिवसांनी रात्री घड्याळ तासभर मागे घ्यायचं. त्या दिवशी तास 25. तशी चिठ्ठी पलंगावर ठेवून यायचं कामही स्टुअर्डचंच, आणि ती ठेवताना त्याला मनातून बरं वाटतं, कारण तो जादाचा तास झोपेत पडतो. आंतरराष्ट्रीय नियमाने कर्मचाऱ्याला 24 तासांत किमान 10 तास विश्रांती द्यावी लागते, ती दोन तुकड्यांत देता येते, त्यातला एक तुकडा 6 तासांचा तरी हवा. आता 6 तासांच्या झोपेत एक तास वाढला तर काय होतं ते ज्याने राबून पाहिलंय त्यालाच कळेल!

इकडे घरी आईच्या हिशेबाने पोरगा रोज लांब जातोय. जहाज न्यूयॉर्कला तेव्हा आपण साडेदहा तास पुढे. अप्पांची शेताची लाइट रात्रीच्या पाळीला, केळीला पाणी द्यायला ते रात्री साडेदहाला निघतात तेव्हा जहाजावर दुपारचे बारा, पोरगा क्रू मेसमध्ये डाळ-भात घेऊन बसलेला. मग फोनवर अप्पांचा पहिला प्रश्न ठरलेला, "कोठे शे तू आते?" पुढे होनोलुलूला फरक साडेपंधरा तासांचा, तिकडे रात्रीचे 10 वाजले की यावलला दुसऱ्या दिवशीचे दुपारचे दीड, जेवणं उरकून भांडी घासायची वेळ.

त्याच्यानंतर पॅसिफिकच्या मधोमध तारीखरेषा येते आणि एक अख्खा दिवस कॅलेंडरमधून गायब होतो, सोमवारी झोपलात तर उठता थेट बुधवारी. आईला हे पटेनाच, मंगळवार गेला कुठे. तर गेला नाही, फेरी पूर्ण होईपर्यंत एक-एक करून जे 24 तास जादा मिळतात, त्यांची फेड इथे एकदम होते. रेषा ओलांडली की उलटं होतं, जहाज आपल्या पुढे. ऑकलंडला साडेसात तास, सिडनीला साडेपाच, सिंगापूरला अडीच, आणि कोलंबोला काहीच नाही, तिथे आणि इथे एकच वेळ. त्या दिवशी आई-अप्पांशी तो काही न मोजता बोलला. बंदराचा दिवस असूनही खाली मात्र उतरता आलं नाही, कारण जहाज धक्क्याला असतानाही आणीबाणीसाठी काही जणांना आळीपाळीने वर थांबावंच लागतं, त्याची पाळी नेमकी तेव्हाच होती.

पूर्वेकडे निघालेल्या जहाजांवर मात्र हाच तास कापला जातो आणि बहुतेक ठिकाणी तो रात्रीच कापतात. न्यूयॉर्कहून साउथॅम्प्टनला येताना क्वीन मेरी 2 वर घड्याळ दुपारी बाराला पुढे घेतात, बाराचा एक होतो, प्रवाशांची सकाळ-संध्याकाळ तशीच राहते आणि कोणाची झोप तुटत नाही. मला वाटतं सगळ्याच कंपन्यांनी असंच करावं. पोराचं पुढचं कॉन्ट्रॅक्ट पूर्वेकडच्या फेरीचं आहे आणि साइन ऑन करण्याआधी त्याला एवढंच जाणून घ्यायचंय, तिथे घड्याळ दुपारी फिरवतात की रात्री.