बोराकाय : पाण्याने थांबायचे कुठे?

मित्रहो, पूर का येतो या आजच्या विषयासाठी मी फिलिपिन्समधले बोराकाय हे बेट निवडले, याचे पहिले कारण म्हणजे त्याचा लहानपणा. क्षेत्रफळ १,०३२ हेक्टर, लांबी सुमारे सात किलोमीटर, आणि मधल्या चिंचोळ्या भागात रुंदी एक किलोमीटरही भरत नाही. एवढ्याशा जागेत पावसाचे पाणी कुठे पडले, कुठून वाहिले आणि कुठे अडले, हे जवळजवळ बोट ठेवून दाखवता येते. मोठ्या शहरातल्या पुरामागे कारणांची इतकी गुंतागुंत असते की प्रत्येक जबाबदार माणसाला तिच्याआड उभे राहता येते. बोराकायमध्ये तेवढा आडोसाच नाही.

बेटाची ठेवण समजून घेऊ. उत्तरेला आणि दक्षिणेला टेकड्या, आणि त्यांना जोडणारा बालाबागचा सखल, वाळूचा पट्टा. या पट्ट्याच्या पश्चिमेला सुमारे चार किलोमीटर लांबीची, जगभर नावाजलेली पांढरी पुळण आहे, तर पूर्वेला बुलाबोगचा किनारा. पर्यटकांची सगळी ओढ पुळणीकडे, त्यामुळे हॉटेले, बाजार आणि वस्ती यांची सर्वांत दाट गर्दी नेमकी या सखल पट्ट्यात झाली. टेकड्यांवरून उतरणारे पाणीही सखल भागाकडेच येणार, आणि त्याला थोडे थांबता यावे म्हणून निसर्गाने बेटावर पाणथळ जागा ठेवल्या होत्या. सरकारी नोंदीप्रमाणे त्या नऊ होत्या.

पाणथळ म्हणजे डासांची, चिखलाची, भराव घालून ‘उपयोगात आणण्याची’ जागा, ही समजूत फार जुनी आहे. छोट्या बेटावर तिचे काम काय असते, ते जरा सावकाश पाहिले पाहिजे. अशा बेटावर जमिनीत मुरलेले पावसाचे गोडे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण ते वजनाला थोडे हलके असते. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर सपाटीच्या खाली त्याची जाडी सुमारे चाळीस मीटर असू शकते, असे हे नाजूक गणित आहे. पण याचाच दुसरा अर्थ असा की सखल पट्ट्यात भूजल पायाखाली अगदी जवळ असते. मोठा पाऊस झाला की मातीत मुरायला उरलेली जागा लवकर भरते आणि पुढचे पाणी वरच राहते. त्या पाण्याला पसरायला आणि हळूहळू ओसरायला जी खोलगट जागा हवी, ती म्हणजे पाणथळ. तिथे इमारत उभी राहिली म्हणून पाणी नाहीसे होत नाही. ते शेजारच्या रस्त्यावर आणि रस्त्यावरून घरात जाते.

यात ऋतूंचाही वाटा आहे. साधारण जून ते ऑक्टोबर या काळात नैर्ऋत्येचे वारे वाहतात, ज्यांना तिथले लोक ‘हबागात’ म्हणतात. पाऊस या वाऱ्यांबरोबर येतो आणि पश्चिमेच्या पुळणीवर लाटाही याच काळात उसळतात. म्हणजे जेव्हा बेटाला सर्वांत जास्त पाणी बाहेर टाकायचे असते, नेमके तेव्हाच समुद्र गटारांच्या तोंडाशी उभा असतो. अशा दिवसांत बेटाच्या आत पाणी तात्पुरते साठवणारी जागा नसेल, तर नळ कितीही रुंद घातले तरी ते पुरे पडत नाहीत.

आता एका दुर्लक्षित गोष्टीकडे वळतो. बोराकायला पुरवले जाणारे पाणी शेजारच्या पनाय बेटावरच्या नाबाओय नदीतून समुद्राखालच्या नळाने येते. २०१७ मध्ये या बेटावर २० लाखांहून अधिक पर्यटक आले. त्यांच्या आंघोळीचे, धुण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी म्हणजे बेटाच्या वाट्याच्या पावसाव्यतिरिक्त बाहेरून आणलेले पाणी. आणण्याची व्यवस्था झाली, पण वापरून झाल्यावर ते जावे कुठे, याची व्यवस्था त्या वेगाने झाली नाही. अनेक ठिकाणी सांडपाण्याच्या नळ्या चोरून पावसाळी गटारांना जोडल्या गेल्या. त्यामुळे रस्त्यावर साचलेले पाणी नुसते पावसाचे राहिले नाही, आणि गुडघाभर पाण्यातून शाळेत जाणाऱ्या मुलाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे.

२०१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष रोद्रिगो दुतेर्ते यांनी बोराकायला ‘मैलाकुंड’ म्हटले आणि २६ एप्रिलपासून सहा महिने बेट पर्यटकांसाठी बंद केले. त्या वेळच्या ४७५ क्रमांकाच्या घोषणापत्रात नोंदवलेले तपशील मला त्या गाजलेल्या शब्दापेक्षा जास्त महत्त्वाचे वाटतात. नऊ पाणथळींपैकी चारच उरल्या होत्या. वनजमिनीवर आणि पाणथळींवर ९३७ बेकायदा बांधकामे आढळली होती, आणि पाणी धरून ठेवणाऱ्या या जागा नाहीशा झाल्याने पूर वाढतो, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. किनाऱ्याजवळच्या ५१ आस्थापनांपैकी फक्त १४ जलशुद्धतेच्या कायद्याचे पालन करत होत्या. इमारतींसाठी पुळणीचीच वाळू उपसली गेल्याने किनाऱ्याची धूप वाढली, हेही तिथे आहे. किनाऱ्याला वाळू पुरवणारी आणि लाटा थोपवणारी प्रवाळे घाण पाण्याने मरतात, म्हणजे गटाराचा प्रश्न फिरून पुन्हा पुळणीवरच येतो.

इतकी बांधकामे उभी राहिली कशी? बेट दुर्गम नव्हते आणि कायदाही गैरहजर नव्हता. १९७८ मध्येच बोराकाय पर्यटनक्षेत्र आणि सागरी राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाले होते. २००६ च्या घोषणेने सुमारे ४०० हेक्टर राखीव वन आणि सुमारे ६२९ हेक्टर शेतजमीन अशी विभागणी केली. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ही जमीन मुळात राज्याची आहे आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीने तिथे आपोआप मालकी मिळत नाही. पण निकाल आला तेव्हा हॉटेले उभी होती, भाडी चालू होती. कागदावरचा मालक एक आणि जागेवरचा कब्जेदार दुसरा, अशा स्थितीत पाणथळीची बाजू घेणारे कोणीच उरत नाही, कारण तिच्यावर कोणाची चूल पेटत नाही.

बंदीबद्दल माझे मत दुहेरी आहे. ती गरजेची होती असे मी मानतो. पण तिचा भार सर्वांवर सारखा पडला नाही. बंदीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांमध्ये पर्यटकांसाठी वाळूचे किल्ले बनवून पोट भरणारा एक कारागीर होता आणि एक चालक होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यायालयाने बंदी वैध ठरवली, आणि कायद्याच्या दृष्टीने ते प्रकरण मिटले. किल्ले बनवणाऱ्याने पाणथळ बुजवली नव्हती, एवढे मात्र आपण लक्षात ठेवू.

बेट पुन्हा उघडताना धारणक्षमतेचे, म्हणजे बेटाला किती माणसे झेपतील याचे, आकडे ठरले : दिवसाला ६,४०५ पर्यटकांचे आगमन, एका वेळी १९,२१५ पर्यटक. सांडपाण्यासाठी, कचऱ्यासाठी, पिण्याच्या पाण्यासाठी हा हिशेब योग्यच आहे. पुरासाठी मात्र तो अपुरा आहे. खोलीत पाहुणा असो वा नसो, छपरावरून आणि फरसबंदीवरून वाहणारे पाणी तेवढेच असते. बंदीचे सहा महिने बहुतांशी पावसाळ्याचेच होते. पुळण मोकळी होती, पण काँक्रीट जिथल्या तिथे होते. म्हणून माणसांच्या संख्येबरोबर झाकलेल्या जमिनीचीही मर्यादा ठरवावी लागते आणि पाणथळीची हद्द जागेवर खुणा रोवून कायम करावी लागते.

किनाऱ्यापासून ३० मीटर जागा मोकळी ठेवण्याचा नियम राबवताना पुळणीवरची बांधकामे पाडली गेली, आणि ते सर्वांना दिसले, कारण पुळण प्रत्येक छायाचित्रात असते. पाणथळी बाजारामागे असतात. तिथला भराव काढणे खर्चिक आहे, त्याचे उद्‌घाटन करता येत नाही आणि पर्यटक तिकडे फिरकत नाही. बोराकायच्या पुराबद्दल मला कोणी विचारले, तर यंदा पाऊस किती झाला याआधी मी एवढेच विचारीन, की त्या बुजवलेल्या पाच पाणथळींपैकी किती जागांवर आज पुन्हा पाणी उभे राहते?