तळहाताएवढ्या जागेवरची मोटारसायकल

श्रोतेहो, नमस्कार.

मृगाच्या सरी आल्या की नागपूरकर सुटकेचा श्वास टाकतात आणि त्याच संध्याकाळी चौकाचौकांत मोटारसायकली घसरू लागतात. पहिली सर सर्वांत धोक्याची असते, कारण उन्हाळाभर रस्त्यावर साचलेले तेल, धूळ आणि टायरचा झिजलेला चुरा पाण्यात मिसळून बुळबुळीत थर तयार होतो. दमदार पाऊस झाल्यावरच तो धुऊन निघतो. म्हणून पहिल्या सरीला पंधरा-वीस मिनिटे आडोशाला थांबावे. पुन्हा सांगतो, पहिल्या सरीला थांबावे.

आता टायरविषयी. महाल भागात माझ्या ओळखीचे भूगोलाचे एक निवृत्त शिक्षक आहेत. पाऊस लागला की ते दोन्ही चाकांतली हवा थोडी काढून टाकत असत. हवा कमी केली म्हणजे टायर पसरतो आणि टायर पसरला म्हणजे पकड वाढते, असा त्यांचा सिद्धान्त होता, आणि तो पुष्कळांचा असतो. एकदा ते पंक्चर काढायला गेले, तो दुकानदार निघाला त्यांचाच जुना विद्यार्थी. त्याने पुढचे चाक अंगठ्याने दाबून विचारले, "सर, हवा काहून काढली जी?" सरांनी वर्गात सांगावा तसा सिद्धान्त सांगितला. विद्यार्थ्याने वाद घातला नाही. पंक्चर शोधायच्या घमेल्यातले पाणी त्याने दुकानापुढच्या फरशीवर ओतले, सरांना गाडीवर बसवले आणि पुढचे चाक पाण्यातून कोरड्या फरशीवर नेले. रुंद, सलग ओला पट्टा उमटला. खाचांच्या रेषा जवळजवळ मिटल्या होत्या. मग त्याने साखळीच्या झाकणावरील स्टिकरवर लिहिली होती तेवढी हवा भरली आणि चाक पुन्हा तसेच फिरवले. आता पट्टा अरुंद होता, पण खाचांच्या जागी कोरड्या रेषा स्वच्छ दिसत होत्या. "ह्या पाणी जायच्या नाल्या आहेत, सर. हवा काढली का नाल्या बुजल्या."

सरांनी मग स्वतःहून मागचे चाक तपासायला सांगितले. त्यात हवा भरूनही पट्टा सलगच उमटला, कारण खाचाच उरल्या नव्हत्या. खाचेच्या तळाशी रबराचा एक लहानसा उंचवटा असतो. टायर झिजून त्याच्या बरोबरीला आला की बदलायचा, आणि हा टायर त्याच्याही पुढे गेला होता. सर उकिडवे बसले आणि उभ्या चाकाच्या ठशाशेजारी त्यांनी आपला पंजा टेकवून पाहिला. ठसा पंजाहून लहान होता. पुढच्या टायरला खाचा होत्या म्हणून तो तरी वाचला असे सरांना वाटले, तेव्हा विद्यार्थ्याने टायरच्या बाजूवरचे चार आकडे दाखवले: ३११६. म्हणजे २०१६ सालच्या एकतिसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नख रुतत नव्हते आणि कडेला केसासारख्या बारीक भेगा पडल्या होत्या. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो आणि गाड्या दिवसभर उन्हात उभ्या असतात. असे वाळलेले रबर खाचा शाबूत असूनही ओल्या रस्त्याला धरत नाही. सरांनी दोन्ही टायर बदलले.

तेव्हा हवा, खाचा आणि वय, तिन्ही पाहावे. हवा सकाळी टायर थंड असताना तपासावी. दुचाकीच्या टायरची खाच नियमाने किमान ०.८ मिलिमीटर खोल असावी लागते, पण पावसाळ्यासाठी एवढ्यावर विसंबू नये, असे माझे मत आहे.

रस्त्यांकडे वळू. झेब्राचे पांढरे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणे आणि उड्डाणपुलांवरील पोलादी सांधे ओले झाले की तेथे गाडी सरळ ठेवावी आणि ब्रेक लावू नये. पेरणीच्या दिवसांत उमरेड किंवा काटोल मार्गावर ट्रॅक्टरच्या चाकांतून पडलेली काळी माती त्याहूनही वाईट. आपल्या सिमेंट रस्त्यांनी घरे खाली आणि रस्ते वर अशी उलटी रचना केली आहे, ही माझी जुनी तक्रार आहे. दुचाकीस्वारासाठी मात्र त्या रस्त्याची आणि कडेच्या गट्टूंची, म्हणजे सिमेंटच्या ठोकळ्यांची, उंची जिथे बदलते ती कड महत्त्वाची. ती तिरपी ओलांडू नये.

ब्रेक दोन्ही, हळूहळू आणि वळणाच्या आधीच लावावेत. वेग चाळीसवरून साठवर गेला की ब्रेक लावल्यानंतर थांबायला लागणारे अंतर सव्वादोन पट होते, आणि ओल्या रस्त्यावर ते मुळातच मोठे असते. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना एबीएस ही ब्रेकमधील यंत्रणा सक्तीची झाली. ती ब्रेक दाबल्यावर चाक अडकू देत नाही, पण नसलेली पकड निर्माण करत नाही.

आणखी एक. नव्या टायरचा पृष्ठभाग साच्यातून निघाल्यामुळे गुळगुळीत असतो. त्यामुळे पहिले शंभर-दीडशे किलोमीटर वळणावर गाडी फार झुकवू नये, आणि म्हणूनच टायर बदलायचा असेल तर तो पाऊस लागण्यापूर्वी, मे महिन्यातच बदलावा. नमस्कार.