बेदाण्याच्या शेडवरची माणसं

फेब्रुवारी सरता सरता तासगाव, कवठे महांकाळच्या माळावरच्या बेदाणा शेड भरू लागतात. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यातून काढलेली द्राक्षं जाळीच्या रॅकवर पसरायची आणि वाऱ्याच्या हवाली करायची. बारा-पंधरा दिवसांत साधारण ४ किलो द्राक्षांचा १ किलो बेदाणा होतो. मध्येच अवकाळी आला तर माल काळा पडतो, आणि मालकासोबत मजुरांचाही हंगाम आटतो.

शेडचा मालक बहुतेक वेळा शेतकरीच. घरची दोन माणसं राबतात, बाकी बायका आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून येतात. सरकार दरबारी वर्षाला १० कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योगही ‘सूक्ष्म’च असतो. त्या मापाने ही शेड म्हणजे चिमूटभर.

पण काम किती हातांतून जातं बघा. झटकणं, देठ मोडणं, काडी-कचरा काढणं, मग रंग आणि आकार बघून प्रतवारी. रंग ओळखणारी यंत्रं आलीत, तरी निवडायला बायका लागतातच. पुढं १५ किलोची पेटी, ती बनवणारा, टेम्पोवाला, कोल्ड स्टोरेज, सौद्यात पेट्या फोडणारा हमाल. माल दिवाळीपर्यंत थोडाथोडा बाहेर पडतो, तसा रोजगारही.

२०१३ च्या सहाव्या आर्थिक गणनेत देशभरात ५.८५ कोटी आस्थापना आणि त्यांत १३.१३ कोटी माणसं मोजली गेली. म्हणजे एका ठिकाणी सरासरी सव्वादोन. भविष्य निर्वाह निधीचा कायदा मात्र साधारणपणे २० कामगारांपासून लागू होतो. एकाच हंगामात तीन शेडवर निवडायला जाणारी बाई तिन्हीकडं या आकड्याच्या खालीच राहते.

‘छोट्या मालकाला मजुरांचा फंड भरणं कसं परवडणार?’ हा प्रश्न खराच आहे, त्याच्याही डोक्यावर सोसायटीचं कर्ज असतं. पण हमालही रोज वेगवेगळ्या व्यापाऱ्यांची ओझी उचलतो. १९६९ च्या माथाडी कायद्यानं त्याची नोंद एका मालकाकडं न ठेवता सरकारनं नेमलेल्या माथाडी मंडळाकडं ठेवली. व्यापारी मजुरीवर लेव्ही, म्हणजे मजुरीच्या ठरावीक टक्के जादा रक्कम, मंडळाकडं भरतात, आणि त्यातून नोंदीत हमालाचा फंड, ग्रॅच्युइटी उभी राहते. बेदाणा निवडणाऱ्या बायकांसाठीही असं एखादं मंडळ का असू नये? पेटी तर तीच आहे.