सरळ केलेली सळी

पत्रिकेवर विषय छापलाय ‘आय वेईवेई आणि चीनचा राजकीय इतिहास’. फोनवर नाव सांगितलं तेव्हा पलीकडून प्रश्न आला, ‘आय म्हणजे कुणाची?’ (हशा) अहो, ते या चिनी कलावंताचं आडनाव. चिनी माणूस आडनाव आधी सांगतो.

मी कलेतला नव्हे, सिमेंट-सळईतला माणूस. २०१५ साली लंडनला मुलीकडे गेलो होतो, तिनं रॉयल अकादमीत या आयचं प्रदर्शन बघायला ओढत नेलं. एका दालनात शिरलो आणि घरी आल्यासारखं वाटलं. जमिनीवर सळ्या! सुमारे ९० टन. थरावर थर रचलेल्या, कुठे उंच, कुठे सखल, मधून भेग गेल्यासारखी फट. मी सवयीनं वाकून व्यास बघायला लागलो, तर रखवालदार खाकरला.

भिंतीवर नावं होती. १२ मे २००८ला दुपारी चीनच्या सिचुआन प्रांतात भूकंप झाला. शाळा भरलेल्या होत्या. आसपासच्या इमारती उभ्या आणि शाळा तेवढी भुईसपाट, असं अनेक ठिकाणी झालं. अशा तकलादू बांधकामाला चीनमध्ये ‘तोफूचा चोथा’ म्हणतात, तोफू म्हणजे सोयाबीनचं पनीर. किती मुलं गेली, कोणती गेली, हे सरकार सांगेना. मग आयनं स्वयंसेवक गावोगाव पाठवले, दारोदार विचारून पाच हजारांहून जास्त नावं जमवली. आणि ढिगाऱ्यातल्या वेड्यावाकड्या सळ्या भंगारातून विकत घेऊन बीजिंगला नेल्या, हातोड्यानं ठोकून एकेक सरळ केली. या कामाचं नावच ‘सरळ’.

आता माझं दुखणं सांगतो, दोन मिनिटं. (घड्याळ बघू नका हो.) नोकरीचं पहिलं वर्ष. स्लॅबच्या आदल्या दिवशी साइटवर गेलो, तर मागच्या बाजूला चार पोरं घणानं जुन्या सळ्या सरळ करतायत. पाडकामातल्या. मी काम थांबवलं. ठेकेदार म्हणाला, ‘साहेब, वाकडी होती, सरळ केली. आता काय वाईट?’ मी वरिष्ठांकडे गेलो. त्यांनी मला चहा पाजला आणि दुसऱ्या साइटवर पाठवलं. स्लॅब पडला. म्हणजे ओतला गेला, कोसळला नाही, घाबरू नका. पण अजून त्या रस्त्यानं जाताना मी वर बघतो. सळी थंडच वाकवली आणि थंडच सरळ केली की तिच्यातला ताणला जायचा गुण कमी होतो. डोळ्यांना ती नवी दिसते, पण भूकंपात जिनं ताणलं जायचं, ती तुटते.

म्हणून समीक्षक म्हणतात ना, की हे सरळ करणं म्हणजे जखमेवर फुंकर, ते मला पटत नाही. मला त्या ९० टनांत सरकारी अहवाल दिसला. सगळं ओळीत, सगळं सरळ, आणि भार घ्यायला निरुपयोगी. आयच्या मनात काय होतं ते आय जाणे.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, राजकीय इतिहास! वडील आय चिंग, मोठे कवी. मुलगा १९५७चा, त्याच सुमारास वडील ‘उजवे’, म्हणजे कम्युनिस्ट पक्षाचे विरोधक ठरले, कुटुंबाची रवानगी दूर पश्चिमेला शिनजियांगला, तिथे कवीच्या हाती संडास साफ करायचा झाडू. माओच्या सांस्कृतिक क्रांतीत जुनं ते फोडा असा हुकूम होता; १९९५ साली आयनं सुमारे दोन हजार वर्षांचा हान काळातला कलश हातातून सोडला, तीन फोटो. त्या फोटोंवर मला अर्धा तास बोलायचं होतं, असो. २०११ साली स्वतः ८१ दिवस कोठडीत. पासपोर्ट परत मिळाला तो २०१५च्या जुलैत, प्रदर्शनाच्या तोंडावर.

त्या कोठडीतले प्रसंग पुतळ्यांनी मांडलेल्या सहा लोखंडी पेट्याही प्रदर्शनात होत्या. झरोक्यातून डोकवायचं. आत तो झोपलाय, दोन शिपाई उशाशी. तो संडासला बसलाय, दोन शिपाई समोर. माझ्यामागे रांग होती, तरी मी बराच वेळ हललो नाही.

थांबतो. प्रश्न चहाच्या वेळी विचारा, फक्त तो स्लॅब कोणत्या रस्त्यावर, हे सोडून.